मोशीतल्या रविवारच्या लढाया

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या कंपनीत शॉपफ्लोअरच्या कोपऱ्यात एक लाल बिन असतो, रिजेक्ट मालाचा. रोज एखादा पीस त्यात पडतो, कोणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस बघावं तर बिन काठोकाठ! आमच्या रविवारच्या टेबलाचं तसंच झालंय. परवा चहा पिताना मी सहज एक किस्सा सांगायला लागले, तर त्यातून दुसरा निघाला, दुसऱ्यातून तिसरा. समोरची मैत्रीण शेवटी म्हणाली, "वैशाली, तुम्ही लोक खेळता की भांडता?" म्हटलं, बाई, दोन्ही करतो.

आधी खेळ काय तो सांगते, म्हणजे मध्ये कोणी थांबवायला नको. एक टेबल, भोवती चार-पाच माणसं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं: कोणी योद्धा, कोणी जादूगार. एक जण मास्टर. तो सांगतो, "समोर पूल आहे, पुलावर गोब्लिन उभे आहेत." गोब्लिन म्हणजे हिरवी, ठेंगणी, दुष्ट मंडळी. मग आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. लढाई लागली की प्रत्येकाचा नंबर येतो, शत्रूचाही. बाकी सगळं डोक्यात. लहान मुलं भातुकली खेळतात, आम्ही हे खेळतो. आमच्या भातुकलीत रक्त जरा जास्त, एवढंच!

आमचा मास्टर मिलिंद. चाकणला ब्रेकचे पार्ट करणाऱ्या एका कारखान्यात लाइन इंजिनिअर. कंपनीत हा माणूस दिवसभरात "हो सर" आणि "बघतो सर" एवढंच बोलतो. मोशीत आईबरोबर राहतो, घरीही फारसं बोलणं नाही. पण रविवारी दुपारी टेबलाच्या त्या टोकाला बसला की आवाजच बदलतो! राजा तोच, चेटकीणही तोच, राजाचा घोडाही तोच. त्याला एकच धास्ती होती: टेबल मोडेल. याआधी त्याची दोन टेबलं मोडली होती, दोन्ही लढायांपायी. गोष्ट छान चालायची, मग लढाई लागायची, ती संपता संपायची नाही, लोक कंटाळायचे आणि एकेकाकडे रविवारी पाहुणे यायला लागायचे. "हे मोडलं ना वैशालीताई, तर मी पुन्हा नाही मांडणार," असं तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता. मला वाटलं, माणूस नाटकी आहे. नंतर कळलं की तो अजिबात नाटकी नाही.

* * *

आमची पहिली लढाई त्या पुलावरच झाली.

तेव्हा मिलिंद सोडून आम्ही तिघंच. मी तिरंदाज. इरफानचं चाकणला टू-व्हीलरचं गॅरेज आहे, वडिलांपासूनचं. खेळात तो हकीम: जखमी माणसावर हात ठेवला की तो माणूस बरा होतो. निखिल मूळचा लातूरचा, तळवड्याला आयटीत. तो जादूगार. नियमांचं पुस्तक त्याला पाठ आहे, आणि हीच सगळी अडचण.

निखिलचा नंबर आला.

"थांबा की, विचार करायलोय," निखिल म्हणाला.

वारा कुठून आहे, गोब्लिन किती लांब, पुलाचं लाकूड ओलं की सुकं, सगळं विचारून झालं. मी उठले, चहा टाकला, गाळला, प्याले, कप विसळला. इरफानचं एक ओळखीचं गिऱ्हाईक गेटवर गाडी घेऊन आलं होतं, क्लच वायर तुटलेली. इरफान गेला, वायर टाकली, हात धुतले, परत आला.

"आला का माझा नंबर?"

मिलिंदने मान खाली घातली. "निखिलचंच चालू आहे."

"असं होय," इरफान म्हणाला. "मग त्याचे ब्रेक पण बघून येतो."

आम्ही पोट धरून हसलो, मिलिंदही हसला. पण हसताना त्याच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं, ते मी पाहिलं. मला वाईट वाटलं.

* * *

पुढच्या रविवारी मिलिंद आला तो पूर्ण तयारीनिशी.

भिंतीवर कागद लावला: टार्गेट, ॲक्चुअल, रिजेक्शन. टेबलावर लाल दिव्याचा टायमर ठेवला. "लाइन बॅलन्स केलीय," तो म्हणाला. म्हणजे काय, तर कोणी रिकामं बसायला नको म्हणून प्रत्येकाला एकेक गोब्लिन. सगळे गोब्लिन सारख्या ताकदीचे. टायमर वाजायच्या आत काय करता ते बोला, नाहीतर नंबर गेला!

आणि खरं सांगते, लाइन काय धावली! मी मारला, इरफानने मारला, निखिलने मारला. चहाला उकळी फुटायच्या आत लढाई संपलेली. मिलिंदने कागदावर लिहिलं: टार्गेट तीन, ॲक्चुअल तीन, रिजेक्शन शून्य. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

आम्ही तिघं फासे हातात धरून तसेच.

"मेले?" निखिलने विचारलं. "कधी?"

माझा गोब्लिन दिसायला कसा होता तेही मला आठवेना. सोमवारी सकाळी कंपनीची बस पकडताना वाटतं तसं वाटत होतं.

इरफानने हळूच हात वर केला. "मास्टर, हे ओव्हरटाइमला धरणार का?"

मिलिंदने भिंतीवरचा कागद काढला आणि घडी घालून खिशात ठेवला. "लाइन तर चांगली चालली होती," असं पुटपुटला.

"लाइन चांगली होती रे. लढाई कुठे होती?" मी म्हणाले. माझ्या तोंडाला फाटक नाही, असं आई म्हणते. त्या दिवशी ते असतं तर बरं झालं असतं.

* * *

अण्णा आमच्यात आले ते काठी घेऊन.

अण्णा म्हणजे आम्ही खेळतो त्या हॉलचे मालक. मोशीचं जुनं घराणं. आता जिथे त्यांची बिल्डिंग आणि खाली आमचा हॉल आहे, तिथे पूर्वी त्यांचा ऊस उभा असायचा. एका रविवारी ते वर झोपले होते आणि खालून त्यांना माझा आवाज ऐकू आला: "इरफान, गळा धर त्याचा! निखिल, तू मागून जाळ!"

दार धाडकन उघडलं. धोतर, बनियन, हातात काठी.

"कोन कोनाला जाळतंय?"

टेबलावर फासे, चहाचे कप आणि बिस्किटांचा पुडा. समजावून सांगता सांगता आमची पुरेवाट झाली. अण्णांनी काठी कोपऱ्यात ठेवली, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "मंग मला बी एक द्या." त्यांना तलवारबाज दिला. नाव त्यांनीच ठेवलं: सरदार.

पहिल्याच फेरीत मिलिंदने सांगितलं, "अण्णा, गोब्लिनचा भाला तुमच्या खांद्यात घुसला."

अण्णा उठून उभेच राहिले. "मला? मला का मारलं त्यानं? म्या काय केलंय त्याचं?"

"अण्णा, तो गोब्लिन आहे."

"आसंल. पन कारन?"

मिलिंदने पुस्तकात पाहिलं. पुस्तकात कारण दिलेलं नव्हतं. "पुढच्या रविवारी सांगतो," असं म्हणून त्याने त्या दिवशी खेळ थांबवला. मला वाटलं, झालं, मोडलं टेबल.

पुढच्या रविवारी तो म्हणाला, "गोब्लिनांची विहीर आटलीय. त्यांची पोरं तहानलेली आहेत. आणि डोंगरावरच्या एकमेव झऱ्याला टेकून तुम्ही तंबू ठोकलाय."

अगं बाई! मी बाण ताणलेला होता, म्हणजे तोंडानेच ताणलेला. सोडू की नको? सोडला नाही तर ते आम्हाला मारणार, सोडला तर पोरांचं काय? निखिलने त्या दिवशी विचार करायला वेळच मागितला नाही, नंबर नसताना ओरडला, "थांबा, मारू नका!" कोणाचा फोन खिशातून बाहेर आला नाही. निघताना मिलिंद माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत आला आणि वाटेत दोनदा म्हणाला, "कारण पाहिजे, ताई. शत्रूला कारण पाहिजे." त्याला झालेला आनंद बघून मला बस चुकल्याचंही काही वाटलं नाही.

* * *

पण अण्णांना कारणाची चटकच लागली!

समोर राक्षस आला की हे तलवार म्यान करून पुढे. "कंच्या गावचा रं तू?" मिलिंद बिचारा जागच्या जागी गावाचं नाव बनवायचा. बनवलेलं गाव, कुठल्या नकाशात नाही. तरी अण्णा म्हणायचे, "म्हंजी, तितं तर आमची मावळण दिलीया!" की निघालं आत्याकडून नातं. की राक्षस जेवायला. मिलिंदला अण्णांना नाही म्हणता यायचं नाही, त्यामुळे राक्षसालाही यायचं नाही. बरेच रविवार आम्ही एकही लढाई केली नाही, नुसत्या पंगती उठवल्या.

निखिल नुकताच मोठी जादू शिकला होता, अग्निगोळ्याची. शेवटी त्याचा बांध फुटला. "अण्णा, माझा अग्निगोळा तसाच पडून आहे हो! कधी वापरू मी?"

अण्णा शांतपणे बिस्कीट चहात बुडवत म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. नासतोय व्हय?"

* * *

चाकणच्या चौकात संध्याकाळी जो कंपनीच्या बसमध्ये अडकलाय, त्याला पुढचा किस्सा वेगळा समजवायला नको.

मिलिंदच्या लक्षात आलं होतं की मोकळ्या मैदानात लढाई ठेवली की सगळे एका जागी उभे राहून टोले देतात. म्हणून त्याने जागा अवघड द्यायला सुरुवात केली. त्या रविवारी घाट होता. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, मध्ये धान्याच्या बैलगाड्यांची रांग आणि वरून दरोडेखोर! एक गाडी रस्त्यात आडवी झालेली, पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही. उत्तम जागा होती.

पहिला नंबर इरफानचा. "दरोडेखोर किती लांब आहेत?"

"जवळ आलेत. पण मध्ये ती आडवी गाडी आहे."

"आडवी कशी काय? गाडीवान कुठाय तिचा?"

झालं! त्या क्षणापासून दरोडेखोर कोणाच्या डोक्यात राहिले नाहीत. इरफान आडव्या गाडीचं जू उचलायला धावला. मी मागच्या गाड्या हात दाखवून थांबवल्या. निखिल कड्यावर चढून, "डावीकडून घ्या, डावीकडून!" अण्णांनी बैलांची वेसण धरली. मास्टरने आम्हाला आवरायला हवं होतं. पण तोही आठवडाभर त्याच रस्त्यावर बसलेला माणूस! दरोडेखोरांचा म्होरक्या तलवार घेऊन खाली उतरला आणि मिलिंदच्या आवाजात कडाडला, "अरे, आधी ती मागची गाडी रिव्हर्स घ्या रे! घुसतात नुसते मध्ये!"

मग दरोडेखोरांनीही चाकाला हात लावले. फाशावर फासे पडले. शेवटची गाडी सुटली तेव्हा आम्ही खरोखर टाळ्या वाजवल्या, अण्णांनी दरोडेखोरांना तंबाखू दिली आणि सगळे खुशीत घरी गेले.

बुधवारी ग्रुपवर निखिलचा मेसेज आला: "दरोडेखोरांची लूट राहिली ना?"

मिलिंदचं उत्तर: "हो राव."

* * *

आता माझ्या खात्यातला एक. मी कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर लोकांच्या शिव्या खाणं हे माझं काम.

निखिलचा एक निळा फासा होता, लकी. टाकला की मोठाच आकडा! त्याची जादू कधी चुकायचीच नाही. शत्रू आला की निखिलने फासा टाकायचा, शत्रू आडवा, आम्ही बाकीचे प्रेक्षक. तो स्वतःही जांभया द्यायला लागला होता. मला राहवेना. सोमवारी तो फासा मी मागून नेला आणि जेवणाच्या सुट्टीत मोजमापाच्या व्हर्निअरला लावला. चांगलाच वाकडा निघाला. आमच्याकडच्या पद्धतीने त्याला लाल टॅग बांधला, 'रिजेक्ट' लिहिलं आणि रविवारी टेबलावर ठेवला.

"ताई, असं करू नका हो," निखिल कळवळला. "फार जवळचा फासा आहे माझा."

आणि मिलिंद, जो आठवडाभर आपल्या कंपनीतल्या क्वालिटीवाल्यांच्या विनवण्या करत असतो, तो सवयीने बोलून गेला, "मॅडम, डेव्हिएशनवर घेऊ ना. एकच लॉट." डेव्हिएशन म्हणजे माल थोडा चुकलाय, पण या खेपेला चालवून घ्या.

मीही सवयीने विचारलं, "सही कोण करणार?"

"म्या करतो की," अण्णा म्हणाले. "आंगठा चालंल का?"

"अण्णा, तुम्ही बी.ए. झालाय!"

"मंग सही घे."

मी कोणाचीच सही घेतली नाही. निखिल साध्या फाशाने खेळायला बसला, समोर लांडगा. पहिला चुकला. दुसरा चुकला. लांडगा छातीवर चढला. तिसराही चुकला! निखिल असा उठला की खुर्ची मागे पडली. "अगं आई गं, मरतोय की मी!" ओरडताना त्याचे डोळे नुसते चमकत होते. त्या पोराला इतकं खूश मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

* * *

मिलिंद आपल्यापुढे एक पुठ्ठा उभा करून बसायचा, पार्टच्या खोक्याचा कापलेला. शत्रूचा फासा त्याच्या आड टाकायचा. सगळे मास्टर टाकतात.

अण्णांचा सरदार एका किल्ल्याच्या छपरावर लोखंडी राक्षसाशी लढत होता, आधीच अर्धमेला. मिलिंदने पुठ्ठ्याआड फासा टाकला, बघितलं आणि पटकन म्हणाला, "चुकला. वाचलात, अण्णा."

अण्णांनी आयुष्यभर जमिनीचे व्यवहार केलेत, समोरच्याचा चेहरा वाचायची त्यांना सवय. "फासा दाव."

"राहू द्या ना, अण्णा."

"दाव म्हनतोय न्हवं!"

पुठ्ठ्याआड वीस पडला होता. त्याहून मोठा आकडा नाही.

अण्णांनी पुठ्ठा हातानेच बाजूला सारला. मग म्हणाले, "पाड मला. तू आसा वाचवाया लागला तर मारामारीत राम ऱ्हायचा न्हाई."

मिलिंदने पाडलं. पडलेल्या माणसाला प्रत्येक फेरीत फासा टाकावा लागतो, तीनदा वाईट पडला तर तो मरतो, कायमचा. अण्णांचा पहिला वाईट. दुसरा वाईट. हकीम छपराच्या दुसऱ्या टोकाला. मी खुर्चीवर चढले, का ते देवाला ठाऊक. निखिलने राक्षसाचं लक्ष वेधायला स्वतःला पुढे टाकलं. इरफान कौलांवरून घसरत, धडपडत आला आणि आणखी एक फासा वाईट पडायच्या आत त्याने सरदारावर हात ठेवला.

अण्णांनी डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य उच्चारलं: "इतका येळ? गॅरेजवानी हितं बी का रं?"

इरफान हसला आणि बराच वेळ डोळे पुसत बसला. अण्णा उठले आणि दोन पेले पाणी प्यायले. मिलिंदने तो पुठ्ठा त्याच दिवशी कचऱ्यात टाकला आणि त्यानंतर सगळे फासे उघड्यावर टाकले.

* * *

मग ती बातमी आली. ती मिलिंदने कशी सांगावी?

लांडग्यांशी लढाई चालू होती. मिलिंद आपल्या नेहमीच्या मास्टरच्या आवाजात म्हणाला, "लांडगे कडं करताहेत. मधला लंगडतोय. माझी लाइन साउथला शिफ्ट होतेय, मलाही जावं लागणार. इरफान, तुझा नंबर. काय करतोस?"

इरफानच्या हातून फासा सुटलेला होता. तो टेबलावरून पडून खुर्चीखाली गेला. तो उचलायला कोणी वाकलं नाही.

कंपनीने सगळी लाइन तमिळनाडूतल्या प्लांटला हलवायचं ठरवलं होतं. जा, नाहीतर घरी बसा. त्याची आईसुद्धा जायला तयार झाली होती. निखिल म्हणाला, "ऑनलाइन खेळू की, मास्टर." मिलिंद म्हणाला, "नाही रे. मला समोर माणसं लागतात."

"कवा जायाचं?" अण्णांनी विचारलं.

"ड्रॅगन मारू, मग जातो. गोष्ट अर्धी सोडून नाही जाणार."

ड्रॅगन म्हणजे काळ्या घाटातला. पहिल्या दिवसापासून सगळी गोष्ट त्याच्याकडे चालली होती. आमच्या पात्रांची गावं त्यानेच जाळलेली. तो मेला की गोष्ट संपली, टेबल उठलं, आणि मिलिंद ते पुन्हा मांडणार नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. आधीची टेबलं कंटाळ्याने मोडली, हे ऐन रंगात आलेलं असताना मोडणार! मला इतका राग आला की त्या संध्याकाळी मी नवऱ्याशी आमटीतल्या मिठावरून भांडले. आमटी मीच केली होती.

* * *

शेवटचा रविवार. मिलिंदच्या सामानाचा टेम्पो हॉलबाहेर उभा होता. त्याची आई वर अण्णांच्या सुनेकडे चहाला बसली होती. अंधार पडायच्या आत निघायचं, असं ड्रायव्हरने बजावलेलं.

तशी लढाई आम्ही कधी केली नव्हती. जळता पूल, खाली खळाळती नदी, वर ड्रॅगन. त्यालाही कारण होतं: त्याचं शेवटचं अंडं पुलापलीकडच्या गुहेत होतं आणि आम्ही त्याच वाटेने आलो होतो. निखिल पूर्ण वेळ उभा. सरदार दोनदा पडून उठला. माझा बाण ड्रॅगनच्या पंखातून आरपार गेला तेव्हा मी आणि इरफान एकमेकांचे हात धरून किंचाळलो. मिलिंदचा आवाज बसला होता, कपाळावर घाम, आणि तो इतका सुंदर बोलत होता की मला त्याच्याकडे बघवेना.

त्याने आपल्या कागदावरचा ड्रॅगनच्या उरलेल्या जिवाचा आकडा पाहिला. "त्याची मान पुलावर टेकलीय. श्वास अडकतोय. आता एक घाव, बस. वैशालीताई, तुमचा नंबर. काय करताय?"

माझ्या भात्यात बाण होते. मी म्हणाले, "मी धनुष्याची दोरी तपासते."

"ताई, दोरी चांगली आहे."

"तरी एकदा तपासते."

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं, मग निखिलकडे वळला. निखिलने नियमांचं पुस्तक उघडलं, जे त्याला पाठ आहे. "मला एक नियम बघायचाय."

"कुठला?"

"सापडला की सांगतो," म्हणून तो पानं उलटत राहिला.

"अण्णा, तुम्ही?"

"म्या बसतो वाईच. गुडघं दुखाया लागल्यात."

"तुमचे की सरदाराचे?"

"दोघांचं बी."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मिलिंद म्हणाला, "अरे, काय करताय तुम्ही? एकच घाव पाहिजे." त्याचा आवाज फाटला. "इरफान, तू तरी बोल."

इरफानने फासा उचलला. "मी बरं करतो."

"कोणाला? सगळे तर उभे आहेत."

"ड्रॅगनला."

हॉर्न पुन्हा वाजला. निखिलने पुस्तक मिटलं. "बसतंय नियमात," तो म्हणाला.

इरफानने फासा टाकला. मिलिंदने वाकून तो पाहिला, खोडरबर घेतलं, ड्रॅगनचा आकडा खोडला, तिथे नवा लिहिला आणि कागदावरचा चुरा फुंकून टाकला.

"ड्रॅगनने डोळे उघडले," तो म्हणाला. "वैशालीताई, काय करताय?"